मागीलदारची कचेरी

हे घर मी पहिल्यांदा पाहिलं ते मागून. वडील भाताचं ओझं डोक्यावर घेऊन पुढे, मी त्यांच्या पाठी, असे आम्ही परसातल्या पोफळीतून आलो आणि कोठाराच्या दाराशी थांबलो. दार ठेंगणं होतं. वडील ओझ्यासकट गुडघ्यांत वाकले, आत गेले आणि भात ओतून बाहेर आले. डोक्यावरची चुंबळ सोडून त्यांनी तिनेच तोंड पुसलं, विहिरीवर पाणी प्यायले आणि आम्ही आल्या वाटेने परत निघालो. त्या घराला पुढची बाजू आहे आणि तिथे पितळी कड्यांचा झोपाळा आहे हे मला ऐकूनच माहीत होतं. ती बाजू मी पाहिली बऱ्याच वर्षांनी, बी. ए. होऊन, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

घर आमच्या खोतांचं. गावचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून भात घ्यायचं, हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क, ते खोत. त्यांचं रत्नागिरीतलं हे घर पेशवाईच्या अखेरीला बांधलेलं, असं लोक सांगत. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या हातभर जाड भिंती, फणसाचे खांब, पुढे खळं म्हणजे अंगण, खळ्यातून तीन पायऱ्या चढून ओटी, ओटीमागे माजघर आणि माजघरामागे, दोन पायऱ्या उतरून, कोठार. खोतांचा मुलगा मुंबईला वकिली करत होता. त्याला घरात राहायचं नव्हतं आणि विकवतही नव्हतं. तेव्हा नुकताच आमच्याकडे शेतकऱ्यांचा सहकारी संघ निघाला होता. बियाणं, खत, अवजारं एकत्र आणायची, आंबा एकत्र मुंबईला धाडायचा, असा त्याचा उद्देश. कचेरीला जागा नव्हती. खोतांच्या मुलाने घर जवळजवळ फुकट दिलं. अट एकच घातली, की घर पडू द्यायचं नाही.

त्या संघाचा मी पहिला पगारी चिटणीस. आमच्या गावातला पहिला बी. ए. मी, आणि आमच्या घरातला पहिला सही करणाराही मीच. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. स्वतःची फुशारकी मारू नये म्हणतात. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदव्या टांगलेल्या आहेत त्यांनी मारू नये, त्यांना ते शोभतं. माझ्या वडिलांनी मला कोल्हापूरला कॉलेजात ठेवलं तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. मी न सांगून कसं चालेल? कचेरीच्या पाटीवर माझ्या नावापुढे बी. ए. लिहून घेतलं, तेही मोठ्या अक्षरांत.

पाटी रंगवणारा आणि बाकीचंही सगळं लाकूडकाम करणारा सुतार नाटे गावचा होता. तिकडे त्याने हयातभर होड्या बांधल्या होत्या. घर दुरुस्त करायची त्याची ही पहिलीच वेळ. घरात पाऊल टाकल्यावर त्याने खांब ठोकून पाहिले, वर तुळईकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाण्यात घातली तरी तरंगंल ही."

"पाण्यात नको घालू," मी म्हटलं, "कचेरी कर फक्त."

राहत्या घराची कचेरी करणं म्हणजे खुर्च्या-टेबलं मांडणं, असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी माजघरात टेबल ठेवलं तर त्याचा एक पाय जमिनीत पुरलेल्या उखळात गेला. शेणाने सारवलेल्या जमिनीत खुर्चीच्या पायांनी खळगे पडले. घर बांधणाऱ्यांनी उन्हाला आणि पावसाला आत येऊ द्यायचं नाही असा चंग बांधलेला असावा. भर दुपारी माजघरात दिवा लावल्याशिवाय कागद वाचता येत नव्हता. दारांच्या चौकटी इतक्या ठेंगण्या, की आमच्या कारकुनांच्या कपाळाला पहिल्या आठवड्यात कायमचं टेंगूळ आलं.

हे कारकून म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. शहरातलं जुनं घराणं, अक्षर मोत्यासारखं आणि जीभ तिखट. मला ते 'चिटणीससाहेब' म्हणत, पण असं म्हणत की त्यातला साहेब मला टोचावा. कपाळ चोळत ते म्हणाले, "चिटणीससाहेब, या घरात येणाऱ्याने मान खाली घालूनच यावं अशी सोय केलेली दिसते."

"तुम्हांला सवय नाही म्हणून लागतं," मी म्हटलं. "आमच्या लोकांना नाही लागणार."

ते हसले. आमचं त्या दिवसापासून जमलं.

उखळात सुताराने लाकडाचा गट्टू बसवला. जमिनीला चुन्याचा कोबा केला. छपरावरची जुनी नळीची कौलं काढून मंगलोरी कौलं घातली, त्यांत चार काचेची लावली. माजघरात उजेडाचे चौकोन पडायला लागले आणि दिवसभर ते जमिनीवरून सरकत राहिले. देवघरातले देव खोतांनी मुंबईला नेले होते, तिथे आम्ही टाइपरायटर ठेवला. कोनाड्यांत पणत्यांऐवजी शाईच्या दौती. ओटीवरचा झोपाळा मात्र काढायचा की ठेवायचा यावर बराच खल झाला. अखेर तो राहिला, कारण संघाचे अध्यक्ष त्यावर बसून पाहायला म्हणून बसले आणि तिथेच त्यांनी पहिली बैठक घेतली. अध्यक्ष निवृत्त मामलेदार होते, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्या बैठकीनंतर कारकून मला हळूच म्हणाले, "रावसाहेब झोपाळ्यावर असले की ठराव कधी आपल्याकडे येतो, कधी लांब जातो."

मी मन लावून काम केलं होतं. ओटीवर माझं टेबल, माजघरात कारकुनांचं, भिंतींना पांढरा चुना, दारावर पाटी. ज्या घराच्या मागच्या दाराशी मी उभा राहिलो होतो त्याच्या ओटीवर मी खुर्ची टाकून बसलो होतो. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

मग सभासद येऊ लागले, आणि माझ्या ध्यानात आलं की ते येतच नव्हते.

म्हणजे खळ्यापर्यंत येत. खळ्यात उभे राहत, डोक्यावरची पागोटी काढून हातात घेत आणि तिथूनच विचारत.

"ओ सायेब, बियानं आलं काय?"

"आलंय. वर या, बसा, सांगतो."

"वर कशाला? हितून ऐकू येतंय."

"सही करायची आहे."

"अंगठा हाय आमचा. कागद खाली धाडा."

मग मी कागद आणि शाईची गादी घेऊन तीन पायऱ्या उतरायचो, अंगठा घ्यायचो, पुन्हा चढायचो. ऊन असो, भुरभुर असो, माणसं खळ्यातच. एक-दोघांचा मी हात धरून पाहिला. ते इतके अवघडले की मीच हात सोडला. माजघरातून कारकून आम्हां दोघांचं ऐकत असायचे. "कॉलेजात मोठ्याने बोलायला शिकवतात का हो?" त्यांनी एकदा विचारलं. "नसेल शिकवत, तर तुम्ही इथे शिकाल."

मी मनातून चिडलो होतो. ह्यांच्यासाठीच तर हे सगळं. घर त्यांचं, संघ त्यांचा, खुर्चीवर बसलेला त्यांच्यातलाच. मी त्यांच्यातल्या एकाला, आमच्या पलीकडच्या वाडीतल्या एका ठेंगण्या, हसऱ्या शेतकऱ्याला, सरळ विचारलं, "भीती कसली वाटते तुम्हांला?"

"भीती नाय," तो म्हणाला. "तू काय खातोस काय आमाला? पण पाय हितंच थांबतात. त्यांना तुझी पाटी वाचता येत नाय."

रावसाहेबांनाही हे दिसत होतं. एका बैठकीत झोपाळा पायाने थांबवून ते म्हणाले, "सभासद अंगणात आणि कचेरी घरात, ही सहकारिता नव्हे, दरबार झाला. वार्षिक सभा जवळ आली आहे. सभासदांनी आत, छपराखाली, बसून मत द्यायला हवं. ते होणार नसेल तर हे घर सोडू. बाजारपेठेत दोन खोल्या मी पाहून ठेवल्यात. चारचौघांच्या दुकानांसारख्या आहेत, तिथे कोणी बिचकणार नाही."

"आणि या घरावर केलेलं काम?"

"काम उत्तम केलंत. पण माणसं न येणाऱ्या जागेला कचेरी म्हणत नाहीत."

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच ते मला लागलं. बाजारपेठेत खोल्या घेतल्या असत्या तर संघ चाललाच असता. पण मला संघ या घरात चालायला हवा होता. इथे आमच्या माणसांनी बसून, पाठ टेकून, हात वर करून काही ठरवायला हवं होतं. ते झालं नसतं तर मी एकटाच वर चढलेला उरलो असतो, आणि एकट्याने चढण्यात मला मोठेपणा वाटत नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारची गोष्ट. तोच ठेंगणा शेतकरी खळ्यातून माझ्याशी बोलला, कागदावर अंगठा उठवला आणि पाणी प्यायला म्हणून घराला वळसा घालून मागे गेला. बराच वेळ झाला तरी परत येईना. मी माजघरातून कोठारात गेलो आणि फटीतून पाहिलं. हे बुवा मागच्या पडवीत भिंतीला टेकून, पाय पसरून, विडी ओढत बसले होते. विडी संपल्यावर उठले, कोठाराचं दार ढकललं आणि सरळ आत आले.

मला पाहून तो दचकला नाही. "उंदीर झालेत काय रे हितं?" एवढंच विचारलं. "पूर्वी भात असायचं तवा मांजर असायची."

मी त्याला म्हटलं, "पुढून यायला सांगितलं तर येत नाही, आणि इथून सरळ घुसलास?"

त्याने माझ्याकडे, मलाच कसं कळत नाही अशा नजरेने पाहिलं. "हितून तर येतोच आपण," तो म्हणाला.

मी लगेच सुताराला बोलावलं. कोठाराच्या मागच्या भिंतीत दोन मोठ्या खिडक्या पाडायच्या, तिथे कोबा करायचा, टेबलं तिथे न्यायची, मागची पडवी सभासदांना बसायला. ओटी आणि माजघर अवजारांना, पेंडीच्या पोत्यांना. थोडक्यात घर उलटं फिरवायचं. सुताराला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. "होडीला पुढचं टोक एकच असतं," तो म्हणाला. "घराचं तसं नाय. मानूस शिरंल ते पुढचं."

रावसाहेबांना मात्र घाम फुटला. "मागीलदारी कचेरी? कलेक्टरसाहेब कधी आले तर त्यांना काय गोठ्याच्या बाजूने आणू?"

"साहेब वर्षातून एकदा येतील," मी म्हटलं. "सभासद रोज येतात."

"आणि माझा झोपाळा?"

"तो आहे तिथेच राहील. फक्त शेजारी नांगर असतील."

ते हसले नाहीत, पण परवानगी दिली.

जांभा फोडायला मऊ, पण त्या भिंतीची जाडी इतकी, की खिडक्या होईपर्यंत गवंडी टेकीला आले. उजेड आत आला तेव्हा कोठार पहिल्यांदाच दिसलं. काळपट भिंती, कोपऱ्यात कणगीच्या बुडाची गोल खूण, आणि छताच्या फळ्यांतून पिढ्यांची साठलेली तुसं. भिंती घासल्या, चुना दिला, तरी तुसं गळायची थांबली नाहीत. शाईच्या दौतीत तुसं, टाइपरायटरमध्ये तुसं. कारकून टाक झटकून म्हणायचे, "खोतांचं भात अजून पुरतं मोजून व्हायचंय वाटतं."

आणि माणसं आली. पहिल्या दिवसापासून आली. पोफळीतून यायची, विहिरीवर पाय धुवायची, पडवीत बसायची, आत डोकवायची, आत यायची. टेबलाला कोपर टेकून खताबद्दल भांडायची. बायकासुद्धा आल्या, ज्यांचे नवरे मुंबईला गिरणीत होते त्या कडेवर पोर घेऊन यायच्या आणि कारकुनांना उलटसुलट प्रश्न विचारायच्या. कारकुनांनी पहिल्यांदा नाक मुरडलं, मग स्वतःसाठी सुपारी आणायचे ती जास्त आणायला लागले. वार्षिक सभा कोठारातच होणार हे ठरलं. मी केलं ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. माणसं छपराखाली आली, आणि ती युक्ती माझी होती.

वडील तेवढे यायचे राहिले होते.

ते बाजारच्या दिवशी भाट्याच्या तरीने खाडी ओलांडून राजिवड्याला उतरत आणि तिथेच धक्क्यावर माझी वाट पाहत बसत. बरोबर कुळीथ, सोलं, आईने दिलेलं काहीबाही. कचेरी तिथून लांब नव्हती. मी दर वेळी म्हणायचो, चला. ते म्हणायचे, येऊ कंदीतरी, पाणी चढतंय, होडी सुटंल. मला वाटायचं, खरंच तरीची घाई असेल.

कोठारात कचेरी हलवल्यावर मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, "बाबा, आता अडचण नाही. कचेरी मागच्या बाजूला केली. कोठारात."

"मागल्या बाजूला?"

"हो. सगळे येतात आता. तुम्ही सभेला या. तुमचाही भाग आहे संघात."

वडिलांनी गाठोड्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. "बरं," म्हणाले, आणि होडीत जाऊन बसले.

सभेच्या दिवशी कोठार भरलं, पडवी भरली, काही जण विहिरीच्या कट्ट्यावर बसले. रावसाहेब कोट घालून, खुर्चीत अस्वस्थ होऊन बसले होते. वरून तूस पडलं की खांद्यावरून झटकायचे. मी उठून सुरुवात करणार तोच कारकून घराला वळसा घालून धापा टाकत आले.

"चिटणीससाहेब, पुढे खळ्यात एक म्हातारा उभा आहे. मागे जा म्हटलं, तर हलत नाही. तुमचं नाव घेतो."

मी तसाच बाहेरून धावत पुढे गेलो. वडील खळ्यात उभे होते. धुवट धोतर, अंगात माझ्या लग्नातला सदरा, पागोटं डोक्यावरच. हातात काही नव्हतं.

"बाबा, इथे कशाला उभे? सगळे मागे जमलेत. चला."

"तू सभा कर," ते म्हणाले. "मी हाय हितं."

"इथून काय दिसणार? मागून या, ओळखीची वाट तुमच्या."

"ओळखीची हाय म्हनून तर." ते शांतपणे बोलत होते, शेताच्या बांधावर बोलत तसे. "त्या दारानं मी ओझं घेऊन शिरायचो. माझा बापूसपन तसाच शिरायचा. आज माझ्या डोक्यावर ओझं नाय. मोकळ्या डोक्यानं त्या दारानं कशाला येऊ?"

"बाकीचे येतात ना, बाबा. त्यांना काही वाटत नाही."

"त्यांचं त्यांना. त्यांनी मुलगा कॉलेजात नाय घातला."

मी म्हटलं, "मग पुढून या. पायऱ्या चढा. मी आहे ना."

त्यांनी ओटीकडे बोट केलं. ओटीवर लोखंडी नांगर एकावर एक रचलेले होते, झोपाळ्यावर घमेली होती, माजघराचं दार पेंडीच्या पोत्यांनी अडवलं होतं. "पुढं कचेरी खय हाय तुझी?" वडील म्हणाले. "पुढं गुदाम हाय. चढून काय पोत्यांवर बसू?"

आत शंभर माणसं माझी वाट पाहत होती, रावसाहेब घड्याळ काढून बसले असणार, आणि मी माझ्या वडिलांसमोर खळ्यात उभा. मला त्यांचा राग आला, हेही सांगून टाकतो. माझी इतकी चांगली युक्ती, आणि ती माझ्याच माणसाला चालेना. पण ते तिथे उभे असताना मी आत जाऊन सभा करणं मला शक्य नव्हतं. वडील खळ्यात आणि मुलगा घरात, हेच तर मला मोडायचं होतं.

मी मागे गेलो, कोठारात सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "सभा थोडी थांबेल. माजघरातली पोती हलवायची आहेत. हात लावा."

"आत्ता?" रावसाहेब म्हणाले.

"आत्ता. ओटीपर्यंत वाट मोकळी करायची आहे."

काय, कशाला, कोणी विचारलं नाही. पोती उचलायची म्हटल्यावर आमची माणसं विचारत बसत नाहीत. कोठार आणि माजघर यांमधलं दार कपाट लावून बंद केलं होतं. ते कपाट सुताराने आणि त्या ठेंगण्या शेतकऱ्याने ओढलं. कोणीतरी दोन पायऱ्या चढून माजघरात शिरला आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं, मागोमाग दुसरा. पोती माजघराच्या भिंतीकडे लागली. मग नांगर. "हे कुठं ठेवू?" "त्या खोलीत, देव होते तिथं." घमेली खणखणत हातोहात गेली. धुळीने काही दिसेना. रावसाहेबांचा कोट पेंडीने माखला, आणि ते "सावकाश, सावकाश" म्हणत मधेच उभे राहून सगळ्यांची अडचण करत होते.

धूळ खाली बसली तेव्हा शेवटचा नांगर हलवणारे सातआठ जण ओटीवर उभे होते, घाम पुसत. खळ्यातून ज्या पायऱ्या त्यांच्याने चढवल्या नव्हत्या त्यांच्या वर, घराच्या आतून, ओझी हलवता हलवता, ते पोचले होते. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्या ठेंगण्या शेतकऱ्याने खाली वडिलांना पाहिलं. दोघे एकमेकांना ओळखत होते.

"अरे, तू हितं उभा?" तो वरून म्हणाला. "ये की वर. आपलीच मानसं हायत."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पायरीजवळ पाय धुण्याचा दगड होता, तांब्या होता. त्यांनी पाय धुतले, टाचा एकमेकींवर घासून नीट धुतले, आणि तीन पायऱ्या चढून ओटीवर आले. कोणाचा तरी धक्का लागून झोपाळा हलत होता. वडिलांनी कडी धरून तो थांबवला आणि त्याच्या बाजूने पुढे गेले. कोणीतरी म्हणालं, बसा त्याच्यावर. त्यांनी नुसता हात हलवला. माजघरात काचेच्या कौलांतून उजेडाचा चौकोन पडला होता, त्यातून गेले. दोन पायऱ्या उतरून कोठारात आले. कणगीची गोल खूण होती त्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, बसले.

"उजेड आलाय हितं," ते शेजाऱ्याला म्हणाले. "पूर्वी हाताला हात दिसायचा नाय."

सभा झाली. काय ठराव झाले ते मला आठवत नाही, आणि तसे ते महत्त्वाचेही नसावेत. हात वर करायची वेळ आली की वडिलांचा हात सगळ्यांच्या नंतर, पण सगळ्यांहून उंच जायचा, एवढं आठवतं. एका ठरावाला त्यांनी विरोध केला. तो मी मांडलेला होता. रावसाहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, "मला पटला नाय." नोंद तशीच झाली.

सभा संपल्यावर सगळे मागच्या दाराने निघाले, वडीलही. त्या दाराशी ते वाकले, बाहेर पडले आणि पाठ सरळ करून वळले. मी विहिरीवर पाणी काढत होतो.

"ओझं नसताना पन वाकायला लागतं," ते म्हणाले. "चौकट तेवढी उंच कर."

"या दाराने येणार नाही म्हणालात ना?"

"शिरनार नाय म्हनालो. जायला काय हरकत हाय? पानी हितंच मिळतं." ते ओंजळीने पाणी प्यायले. "आन् ती पोती परत त्या दारात लावू नको."

त्याच आठवड्यात सुताराने चौकट चांगली हातभर उंच केली. कारकुनांनी स्वतः उभं राहून, टोपी घालून, उंचीची खातरजमा करून घेतली. अवजारांना आम्ही परसात गुदाम बांधलं, आणि कचेरी ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत सबंध घरात पसरली. बाजारपेठेतल्या खोल्यांचा विषय रावसाहेबांनी पुन्हा काढला नाही. ते पुन्हा झोपाळ्यावर बसू लागले; शेजारी कधी कधी एखादा सभासद बसलेला दिसायचा, अगदी कडेला, पाय जमिनीवर घट्ट रोवून. बरीचशी माणसं मागूनच येत राहिली. त्यांना मी कधी काही म्हटलं नाही. तरुण पोरं पुढून यायला लागली, चढताना पायऱ्यांकडे बघतही नसत.

वडील मात्र त्यानंतर दर बाजारी आले. पुढून यायचे, पाय धुवायचे, सगळं घर ओलांडून मागे जायचे, विहिरीचं पाणी प्यायचे आणि पोफळीतून खाडीकडे उतरायचे. उलट्या दिशेने एकदाही नाही.

दोन्ही दारं दिवसभर उघडी राहू लागल्यावर एक नवीन अडचण आली. खाडीवरचा वारा मागून शिरायचा आणि टेबलावरचे कागद घेऊन पुढच्या खळ्यात जायचा. कारकून त्यांच्यामागे धावून थकले. "एक दार लावून घेऊ या का, चिटणीससाहेब?" त्यांनी विचारलं. त्या सबंध वर्षात 'साहेब' त्यांनी पहिल्यांदाच न टोचता म्हटला होता.

मी नको म्हटलं. रविवारी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो, हाताच्या मुठीत मावतील असे गुळगुळीत दगड पिशवीभर वेचून आणले आणि प्रत्येक टेबलावर ठेवले.